बंद पडलेलं वॉलेट आणि वारसांचा हक

हार्डवेअर वॉलेट सुरू होत नाही म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. बोटभर लांबीचं, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं हे यंत्र. लेजर, ट्रेझर ही त्यातली गाजलेली नावं. केबल जोडली तरी स्क्रीन काळीच राहते, किंवा अ‍ॅप उघडतं आणि शिल्लक शून्य दाखवतं. मग यूट्यूब, मग गूगलवर सापडलेला कुठला तरी ‘कस्टमर केअर’चा नंबर. तोवर शाबूत असलेले पैसे त्या नंबरवर बोलताना जातात. यंत्र बिघडलं म्हणून पैसे बुडायचं कारण नसतं. ते बुडतात घाईमुळे आणि घरातल्या लपवाछपवीमुळे. आपल्या समाजात या दुसऱ्या कारणावर कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

आधी यंत्राचं पाहू. नाणी त्या यंत्रात नसतातच. ती ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक वहीत नोंदलेली असतात आणि ही वही जगभरच्या हजारो संगणकांवर असते. यंत्रात असते ती सही करण्याची गुप्त किल्ली. वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना कागदावर १२ किंवा २४ इंग्रजी शब्द लिहून घ्यायला सांगतात. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून आलेल्या त्या शब्दांतून ही किल्ली पुन्हा तयार करता येते. घरातला सातबाऱ्याचा कागद फाटला म्हणून शेत जात नाही, तसंच हे. फरक एवढाच, की सातबाऱ्याची झेरॉक्स हाती लागली म्हणून कोणी तुमचं शेत विकू शकत नाही. इथे शब्द ज्याच्या हाती, माल त्याचा.

म्हणून यंत्र चालेना झालं तर सोप्यापासून सुरुवात करावी. पहिली केबल बदला. बाजारातल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. मधला हब काढून थेट संगणकाला जोडा, दुसरं पोर्ट पाहा, दुसऱ्या संगणकावर पाहा. बॅटरीचं मॉडेल असेल तर ते केबलवर चालतं का तपासा. शिल्लक शून्य दिसत असेल तर आपला पत्ता ब्लॉक एक्सप्लोररवर टाकून बघा. तिथे रक्कम दिसली तर माल जागेवर आहे, गडबड अ‍ॅपची आहे. काहींनी २४ शब्दांच्या जोडीला स्वतःचा एक वेगळा पासफ्रेज लावलेला असतो. त्यात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर यंत्र चूक दाखवत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडून देतं. पिन आठवत नसेल तर अंदाजाने बटणं दाबत बसू नका. लेजर तीन चुकीच्या पिननंतर स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझरही ठरावीक चुकांनंतर.

यंत्र पुसलं गेलं तरीही कागदावरचे शब्द असले की काही गेलेलं नाही. नव्या यंत्रात ते भरले की सगळं परत येतं. पण फर्मवेअर अपडेट किंवा रिसेट करण्याआधी तो कागद हातात घेऊन वाचता येतो का, हे पाहा. कागद हरवला असेल आणि यंत्र अजून चालत असेल, तर आजच नवं वॉलेट तयार करून, त्याचे शब्द लिहून, माल तिकडे हलवा. आणि नवं यंत्र नेहमी कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. डब्यात शब्द आधीच छापून आले असतील तर ते शब्द चोरालाही माहीत आहेत, असं समजा.

एवढं केल्यावरही अडलं तर मदत घ्यायला हरकत नाही. पैठण गेटच्या कारागिरालाही केबल, पोर्ट दाखवता येईल. फक्त ते २४ शब्द कोणालाच सांगायचे नाहीत, मोबाईलमध्ये टाइप करायचे नाहीत, त्यांचा फोटो काढायचा नाही. लेजर, ट्रेझर या कंपन्या ग्राहकाकडे हे शब्द कधीच मागत नाहीत. जो मागतो तो चोर, मग तो कितीही अदबीने बोलो. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि सुमारे पावणेतीन लाख लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर उघडे पडले. पुढे काहींच्या घरी टपालाने नकली यंत्रंही आली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत अ‍ॅप स्टोअरवरच लेजरचं बनावट अ‍ॅप निघालं आणि लोकांनी त्यात आपले शब्द भरले. फसवणूक झालीच तर शरमेने गप्प बसू नये. १९३० या हेल्पलाइनला ताबडतोब कळवावं.

यंत्र ठीक चालतंय म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले. त्या वॉलेटमधून पैसे काढायला अनेक जणांच्या सह्या लागत आणि कंपनीचे लोक हार्डवेअर वॉलेटनेच सही करत. यंत्रं बिघडलेली नव्हती. कंपनीचं म्हणणं असं, की समोरच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही झाली दुसऱ्याच गोष्टीवर. न वाचता कागदावर अंगठा उठवल्यावर काय होतं, हे आपल्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या दारात पाहिलंय. त्यापेक्षा हे वेगळं नाही.

लोक या वाटेला का जातात, हे मला समजतं. याच शहरात २०२३ मध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेचा घोटाळा उघड झाला. आयुष्यभराची कमाई ठेवलेले म्हातारे ठेवीदार रस्त्यावर आले. व्याज नको म्हणणाऱ्या माणसाला बँकेतही मन रमत नाही. मग ‘आपली किल्ली आपल्याच हाती’ हे वाक्य मनाला पटतं. मात्र पतसंस्था बुडाली तेव्हा मोर्चा न्यायला एक कार्यालय होतं, गुन्हा नोंदवायला संचालक होते, ठेवीच्या पावतीवर वारसाचं नाव होतं. स्वतःच्या किल्लीला यातलं काहीच नसतं. मालकही तुम्ही, तिजोरीवाले आणि कारकूनही तुम्हीच. तुम्ही गेलात की तिघेही गेले.

२०१८ च्या डिसेंबरात क्वाड्रिगा या कॅनडाच्या एक्स्चेंजचा तरुण संस्थापक जयपूरला आला असताना वारला. किल्ल्या फक्त त्यालाच माहीत होत्या, असं कंपनीने सांगितलं. हजारो ग्राहकांनी ते मानलं, कारण एकट्या माणसाकडे सगळं असणं या धंद्यात नवलाचं नव्हतं. पुढे तपासात कळलं, की वॉलेटं आधीच रिकामी होती आणि तो माणूस ग्राहकांचे पैसे उधळत होता. ज्याच्याकडेच सगळी माहिती असते, त्याचा खरेपणा कोणालाच तपासता येत नाही. घरातही हेच होतं.

क्रिप्टो हलाल की हराम, यावर उलेमांत एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ मध्ये बिटकॉइनचा व्यवहार हराम ठरवला, इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २०२१ मध्ये चलन म्हणून तो नाकारला, तर मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीयत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये डिजिटल मालमत्तेच्या व्यवहाराला मोकळीक दिली. ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारावं. पण ज्याने ते घेतलंच आहे, त्याच्यावर वारसांचा हक येतोच. त्यावर कोणाचा वाद नाही.

समजा एखादा माणूस पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली मागे ठेवून गेला आणि कर्ज, मेहर फिटल्यावर आठ लाख उरले. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे एक लाख. उरलेल्या सातातून मुलाला साडेतीन, प्रत्येक मुलीला पावणेदोन. हे हिस्से कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. पण तेच आठ लाख २४ शब्दांमागे असतील आणि ते शब्द मयताबरोबर कबरीत गेले असतील, तर पत्नीचा आठवा हिस्साही शून्य. त्याहून वाईट म्हणजे शब्द फक्त एका भावाला किंवा मुलाला ठाऊक असतात. मग बहिणींना किती होतं हे कळतच नाही, मागायचं काय हेही कळत नाही. शेताच्या हिस्स्यावरून बहिणीला गप्प बसवायला निदान हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यावी लागते. इथे तेवढीही गरज नाही.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद देणारी सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. ती मौलवीसाहेबांकडून ऐकणारे आपण इतक्या मोठ्या रकमेची चिठ्ठीही ठेवत नाही. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. एका कागदावर यादी: कोणतं वॉलेट, त्यात काय आहे, कधी घेतलं, कोणाचं देणं आहे. हा कागद पत्नीला आणि जाणत्या मुला-मुलींना माहीत असावा. ३० टक्के कराच्या हिशोबाला आणि दरसालच्या जकातीलाही तोच उपयोगी पडेल. दुसऱ्यावर शब्द, बंद लिफाफ्यात, वेगळ्या जागी. ती जागा किमान दोन विश्वासू माणसांना ठाऊक असावी, त्यातली एक घरातली बाई असावी. ही हिस्सेवाटणी नव्हे, हिस्से ठरलेलेच आहेत. माल आहे एवढं कळवणं, इतकंच आपलं काम. आणि जिवंतपणी एकदा, थोड्या रकमेवर, दुसऱ्या यंत्रात शब्द भरून वॉलेट परत उघडून दाखवावं. पत्नीसमोर, मुलीसमोर.

‘सुरक्षिततेसाठी घरात सांगितलं नाही’ हे उत्तर मला पटत नाही. चोरापासून लपवणं वेगळं आणि हकदारापासून लपवणं वेगळं. यंत्र बंद पडलं तर दुसरं मिळतं. ज्यांचा हक आहे त्यांना ते आहे हेच माहीत नसेल, तर ते दुरुस्त करून देणारं दुकान कुठल्याच शहरात नाही.