तुमच्यासाठी खरं, माझ्यासाठी खरं

"तुमच्यासाठी ते खरं असेल." धर्माचा विषय निघाला की हल्ली शिकलेल्या तरुणांच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. आमच्या नवापूर-चिंचपाडा भागातली ख्रिस्ती मुलं सुरत, पुण्याला शिकून येतात आणि उपासना संपल्यावर चर्चच्या अंगणात हेच म्हणतात. ती भांडत नाहीत, चर्च सोडत नाहीत, नाताळला तर आवर्जून येतात. पण ख्रिस्त सगळ्यांसाठी आहे असं म्हणायची वेळ आली की अवघडतात.

विद्वान याला उत्तर-आधुनिकता म्हणतात. ल्योतार या फ्रेंच विचारवंताने १९७९ साली तिची ओळख थोडक्यात सांगितली होती: साऱ्या जगाचा अर्थ एकाच मोठ्या कथेत बसवणाऱ्यांवरचा अविश्वास. (मुलांनी ल्योतार वाचलेला नसतो. पण विचार हवेतून येतात, पुस्तकांची वाट बघत नाहीत.)

हा अविश्वास मला सगळाच वाईट वाटत नाही. आमच्याकडे स्वीडिश मिशनरी आले. त्यांच्या शाळा-दवाखान्यांचं ऋण आम्ही विसरणार नाही. पण शुभवर्तमानासोबत त्यांचे सूर आणि त्यांची शिस्तही आली. ढोल, पावरी, आपली मावची गाणी म्हणजे 'जुनं जीवन', असं मानणारी आमचीच वडीलधारी माणसं मी पाहिली आहेत. तिथे कुणीतरी शंका काढायलाच हवी होती.

आणि मराठी ख्रिस्ती माणसांनी ती ल्योतारच्या कितीतरी आधी काढली होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण धर्मगुरू सांगतील ते मुकाट मानायला नकार दिला. पुढे हिब्रू आणि ग्रीक मुळावरून सगळं बायबल खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

पण या दोघांनी 'ज्याचं त्याचं खरं' म्हणून विषय मिटवला नाही. मिशनवाल्यांच्या हातात सत्य मावत नाही एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते शोधण्यासाठी त्यांनी पदरमोड केली. आजच्या वाक्याला काहीच मोजावं लागत नाही, माझा राग तेवढ्यावर आहे.

शिवाय ते वाक्य अडचणीत कामाला येत नाही. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, अशी मागणी काही संघटना करत आहेत. आता जमीन, शिक्षण, नोकरी यांचा प्रश्न आला. सगळ्याच जर कथा, तर ज्याचा भोंगा मोठा त्याची कथा चालणार! आम्ही ख्रिस्ती आहोत म्हणून आदिवासी उरलो नाही, हे खोटं आहे. 'त्यांच्यासाठी खरं' नाही, खोटं.

मध्यंतरी यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा एका मुलाने मोबाईलवर अनुसूचित जमातींचा १९५० चा आदेश काढला आणि त्यात धर्माची अट कुठेच नाही हे सगळ्यांना दाखवलं. चांगला तासभर वाद घातला त्याने. आता त्याच्याशी ख्रिस्ताबद्दलही असंच बोलायचं आहे. पाळकांना म्हटलंय, एक रविवार त्यासाठी ठेवा.