मोठा छर्रा, खोटा भरवसा

बिलोलीत कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर सोयाबीनचा भाव संपला की रानडुक्कर निघतंच. मग कुणीतरी इलाजही सांगतं, "बारका छर्रा म्हणजे डुकराला मच्छर चावल्यावानी, मामा. एअरगन घ्यायची तर बावीसचीच घ्या." बावीस म्हणजे ५.५ मिलिमीटरचा बोअर; बारका तो ४.५चा, पॉइंट वन सेव्हन सेव्हन. मोठा तेवढा जोरदार, असा हा हिशोब. तो तीन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक जोराची. छर्ऱ्याला जोर जाडीतून येत नाही. स्प्रिंग किंवा कोंडलेली हवा तो देते. ऊर्जा २० ज्यूल धरली, तर अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने सुटतो, ०.९ ग्रॅमचा सुमारे २१०. जड छर्रा वाऱ्याला कमी हलतो, जोर टिकवून धरतो, हे मान्य. पण तो लवकर खाली येतो; अंतराचा अंदाज हुकला की नेमही हुकला. डुकरासाठी मात्र २० ज्यूल दोन्हीकडे अपुरेच. जनावर मरत नाही, जखमी होऊन चवताळतं.

दुसरी चूक कायद्याची. "हवेच्या बंदुकीला कसलं लायसन?" असं विचारतात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे बोअर ४.५ मिलिमीटरहून मोठा किंवा ऊर्जा २० ज्यूलहून जास्त असली, की परवाना लागतो. शिवाय १९७२चा वन्यजीव कायदा बोअर मोजत बसत नाही. काळवीट, मोर बारक्या छर्ऱ्याने मारला तरी गुन्हाच.

तिसरी चूक दाखल्याची. "स्वप्नील कुसाळेनं बावीसवरच मेडल काढलं ना?" काढलं, २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये; पण ती ५० मीटरची, दारूच्या काडतुसाची रायफल. हवेच्या रायफलीचा दाखला हवा तर ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचा घ्या. २०२२ला कैरोत तो १० मीटरमध्ये जगज्जेता झाला, तो ४.५च्याच छर्ऱ्यावर.

मग घ्यावा कोणता? काम बघून घ्यावा, आणि आपल्याकडे बिनलायसनचं सरळ काम एकच: नेमबाजी. तेव्हा बोअर ४.५, हा प्रश्न मिटला. खरी निवड त्यानंतर सुरू होते. छर्रा तळहातावर घेऊन बघा: डमरूसारखा, कंबरेत बारीक, मागे पोकळ घेर. हवेच्या दाबाने तो घेर फुलतो, नळीतले आटे धरतो आणि छर्रा फिरत जातो. घेर चेपलेला असेल तर तो छर्रा बाजूला टाका. कागदावर मारायचा तर सपाट डोक्याचा घ्या. पंच मशीनसारखं गोल भोक पडतं, टोकदार छर्ऱ्याने कागद फाटतो. स्प्रिंगच्या बंदुकीत फार हलका छर्रा घालू नका, पिस्टन जाऊन आदळतो. आणि छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

डुकराचं गाऱ्हाणं खोटं नाही; ते कुंपणाने आणि वन खात्याच्या पंचनाम्यानेच सोडवायचं आहे. बंदुकीची परीक्षा मात्र वेगळी. मागे मातीचा बांध बघून दहा मीटरवर पुठ्ठा लावा, टेकू घेऊन पाच छर्रे मारा. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली, तर छर्ऱ्यांची डबी बरोबर निवडली. नाही झाकली, तर डबी बदला, बोअर नको.