टोळ विकायच्या आधी

मोहफुलं वेचून झाली. आता झाडाखाली टोळ पडायला लागलेत. थोड्या दिवसांत व्यापाऱ्याचा काटा गावात येईल, त्याआधी बोलायला हवं.

आपल्या शिवारातला मोह बघा. जो उभा आहे तो आजा-पणज्याच्या वेळचा. मनगटाएवढं कोवळं झाड किती जणांनी पाहिलंय? सभेच्या निमित्तानं आम्ही गावोगाव हे विचारतो, लोक गप्प बसतात. सागाच्या लागवडीत मिश्र जंगल गेलं, त्यावर आपण मोर्चे काढले, बरोबरच केलं. पण मोहाखाली आग कोण लावतं? फुलं नीट दिसावीत म्हणून पाचोळा आपणच जाळतो. त्यात रोपटी जळतात. बी तेलाला नाहीतर बाजाराला जातं.

फुलं पहाटे गळतात. अस्वल त्याच वेळी येतं, आपल्या बायाही टोपली घेऊन त्याच वेळी निघतात. झाडं कमी झाली की दोघांची गाठ एकाच झाडाखाली पडते. मग आपण जनावराला शिव्या देतो. चितळ, भेकर, वानर, सगळ्यांचा उन्हाळा या फुलांवर निघतो. वटवाघळं तर फळं नेऊन बी लांब टाकतात, म्हणजे अर्धी लागवड तेच करतात, बिनमजुरीची.

मोहाचं बी ठेवून टिकत नाही. पुढच्या साली लावू म्हटलं तर उगवणार नाही. पिकून पडलेला टोळ घ्या, गर काढा, आठ दिवसांत बी आडवं मातीत घाला. झाकेल एवढीच माती. ओल असली तर महिन्याच्या आत कोंब येतो. मुळी सरळ खोल जाते, लहान पिशवीत ती वळते, म्हणून जागेवरच लावलेलं बरं. शेळीपासून काट्या घाला, उन्हाळ्यात भोवतीचा पाचोळा झाडून काढा. फूल यायला दहा-बारा वर्षं लागतील.

वनहक्क कायदा २००६, कलम ५. जंगल आणि वन्यप्राणी राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. दाव्याच्या वेळी आपणही म्हटलं, जंगल आम्ही राखतो. तेव्हा आमचं म्हणणं असं : निम्मं बी धुऱ्यावर लावू, निम्मं गावापासून लांब, आत. आतल्या झाडांची फुलं कोणी वेचायची नाहीत, ती अस्वलाची. यावर सभेत भांडण होईल. होऊ द्या, पण ठराव वहीत लिहा.

पुढच्या सभेला घरटी वीस टोळ आणा. ताजे, पिकलेले.