पाळीच्या वेळेचे पाळणाघर

पिंपरी-चिंचवड हे बाहेरून आलेल्या माणसांनी उभे केलेले शहर आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए) आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, बजाज आली आणि गावोगावची तरुण पोरे पत्र्याची पेटी घेऊन इथे उतरत राहिली. त्या पिढीच्या हालअपेष्टा कमी नव्हत्या, पण तिला आधारही होता. एचएने कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत बांधली, शाळा काढली. नोकरी कायम होती आणि बहुतेक घरांत आई घरी असे. आज चाकणच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या जोडप्याला यातले फारसे काही मिळत नाही. नोकरी कंत्राटी, सहा-सात महिन्यांनी ब्रेक ठरलेला. घर अकरा महिन्यांच्या करारावर. आजी मदतीला आली तरी पेरणीच्या तोंडावर तिला गावी परतावेच लागते. दोघांनी कमावल्याशिवाय भाडे निघत नाही आणि घरात दोन वर्षांचे मूल आहे. त्याला दिवसभर कोणी सांभाळायचे, हा प्रश्न शहराने आजवर त्या आईवर सोडून दिला. तो आता शहराने स्वतःच्या अंगावर घेतला पाहिजे.

सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर संत तुकाराम नगर हे आहे. मराठवाड्यातून, खानदेशातून येणारा माणूस एसटीने वल्लभनगरला उतरतो, तो याच भागात. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय (वायसीएम) इथे आहे, डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे, मार्च 2022 पासून मेट्रोचे स्थानकही आहे. चाकणकडे जाणारा रस्ता जवळच्या नाशिक फाट्यावरून सुटतो. म्हणजे परिचारिका, निवासी डॉक्टर, वॉर्डातल्या मावश्या, सुरक्षारक्षक आणि कंपनीच्या बसची वाट पाहणारे कामगार अशी पाळ्यांवर जगणारी माणसे एकाच परिसरात एकवटली आहेत. त्यांतल्या अनेकांचे या शहरात नातेवाईक नाहीत.

पहिल्या पाळीसाठी यांतल्या कित्येकींना दिवस उजाडायच्या आत घर सोडावे लागते. घरगुती पाळणाघरे साधारण आठ-नऊला उघडतात, अंगणवाडी त्यानंतर. मग मूल झोपेतच उचलून शेजारणीकडे नेले जाते. सोबत एका पिशवीत दुधाची बाटली, बिस्किटांचा पुडा, दोन चड्ड्या आणि तापाच्या औषधाची बाटली. किती चमचे द्यायचे ते वर पेनाने लिहिलेले. शेजारीणही चार घरची कामे करणारी. तिला बाहेर जावे लागले की मूल तिच्या दहा वर्षांच्या मुलीच्या हवाली होते आणि त्या दिवशी त्या मुलीची शाळा बुडते. एका पाळणाघराअभावी दोन मुलांचे नुकसान होते. ते कुठल्याही खात्यात नोंदले जात नाही.

कायद्याने हा विषय सोडला आहे असे नाही. ठरावीक संख्येपेक्षा अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्याने सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर चालवावे, असे 1948 च्या कारखाना कायद्यातच होते. त्यातली अडचण उघड होती. स्त्रियांच्या संख्येवर जबाबदारी टाकली की स्त्रियांची संख्याच मर्यादेत ठेवण्याचा मोह होतो. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ही चूक सुधारली. 26 आठवड्यांच्या रजेसोबतच 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क मिळाला. तरीही चाकणच्या परिसरातले छोटे पुरवठादार, वर्कशॉप आणि कंत्राटदारांत विभागलेले मनुष्यबळ या 50 च्या रेषेखाली सहज राहते.

शिवाय पाळणाघर कारखान्याच्या आवारात असणे प्रत्येकीच्या सोयीचे नसते. संत तुकाराम नगरची आई चाकणला कामाला जाते. मोशी ओलांडून चाकणपर्यंतची वाहतूक कोंडी या पट्ट्यात कोणाला सांगायला नको. त्या बसमध्ये वर्षाचे मूल रोज जाता-येता कसे बसवणार? म्हणून पाळणाघर तिच्या घराजवळ हवे, आणि कायदा त्याच्या आड येत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 मध्ये दिलेल्या किमान निकषांनुसार पाळणाघर कामाच्या ठिकाणी किंवा पालकांच्या वस्तीत, 500 मीटरच्या आत असू शकते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तर अनेक आस्थापनांना मिळून सामाईक पाळणाघर चालवायची मुभा दिली आहे. महापालिकेचे किंवा स्वयंसेवी संस्थेचे पाळणाघर वापरले तरी चालते. या एका तरतुदीचा नेटाने वापर झाला तर चाकणच्या कंपन्यांचा पैसा संत तुकाराम नगरच्या मुलापर्यंत पोहोचू शकतो.

अंगणवाडी आहेच की, असे सांगितले जाईल. एकात्मिक बालविकास योजनेला 2025 मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा मेळघाटातल्या धारणीत आली. सेविका आणि मदतनीस यांनी तुटपुंज्या मानधनावर जे काम केले, त्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. पण अंगणवाडी काही तासांची असते आणि तिथे तीन वर्षांवरची मुले बसतात. त्याहून लहान मुलांना आहार घरी नेण्यासाठी मिळतो. त्यांना सांभाळण्याची सोय तिथे नसते. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रोज साडेसात तास, महिन्याला 26 दिवस चालणारे केंद्र अपेक्षित आहे. मोठे पाऊल आहे, पण आठ तासांची पाळी आणि बसचा प्रवास साडेसात तासांत बसत नाही.

मूल शाळेच्या वयात आले की दुसरी अडवणूक सुरू होते. शिक्षणहक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांचे प्रवेश वर्षातून एकदा, ठरलेल्या मुदतीत, ऑनलाइन सोडतीने होतात. भाडेकरूला नोंदणीकृत करार लागतो. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद चालत नाही. करार नोंदवायला अनेक घरमालक राजी नसतात. सोडतीनंतर गावाहून आलेल्या कुटुंबाचे ते वर्ष गेलेच. एकदा या जागेवर प्रवेश घेऊन ज्याला पुन्हा घर बदलावे लागले, त्या मुलाला नव्याने अर्जही करता येत नाही. घर बदलणे हाच ज्यांच्या रोजगाराचा भाग आहे, त्यांचा हक्क घराच्या पत्त्यापाशी संपतो. हा नियम राज्य सरकारने बदलला पाहिजे. जागा मुलासोबत दुसऱ्या शाळेत गेली पाहिजे.

उरतात खासगी नर्सऱ्या आणि घरगुती पाळणाघरे. त्यांतली कित्येक मायेने चालवली जातात. पण नव्याने आलेल्या पालकाला चांगले कोणते हे कळायला मार्ग नाही. त्याच्या ओळखीचे कोणी नाही आणि रंगीत फलकावरून काही कळत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, तेव्हा राज्य हादरले होते. नियमावलीच्या घोषणाही झाल्या. दुर्घटना घडली की जागे व्हायचे, हे आता पुरे. 2018 च्या निकषांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका सांगितली आहे. तेवढे पाळले जाते का, हे तपासून महापालिकेने प्रभागनिहाय यादी मराठीत आणि हिंदीत लावावी. वल्लभनगरच्या स्थानकावर, मेट्रोत आणि वायसीएमच्या प्रसूती विभागात.

मूल जिथे आहे तिथे शाळेने जावे, हा विचार महाराष्ट्राला शिकवावा लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केले. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस आणि डोअरस्टेप स्कूल हेच काम करत आल्या आहेत. अहिराणी बोलणारे धुळ्याचे मूल किंवा भोजपुरी बोलणारे छपऱ्याचे मूल पहिल्या दिवशी कसे रुळते, याचा अनुभव या संस्थांकडे आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देण्याची घाई नर्सऱ्यांना असते. त्याला आधी गाणी, माती आणि गोष्टी हव्यात, हे या बायांना ठाऊक आहे. महापालिकेने ठेकेदार शोधण्यापेक्षा त्यांच्याशी बोलावे.

संत तुकाराम नगरमध्ये पहाटे साडेपाच ते रात्री अकरा उघडे राहील असे एक केंद्र पुरेसे नाही, पण सुरुवातीला तेवढे हवे. जागा महापालिकेने द्यावी. कंपन्यांनी आणि रुग्णालयांनी आपल्या कामगारांच्या संख्येनुसार वर्गणी भरावी आणि त्यात कंत्राटी कामगार मोजले जावेत, ही अट असावी. मुलाला आणायला-न्यायला वडीलही येतील, म्हणून नोंदणी फक्त आईच्या नावावर नको. सेविकांना मानधन नव्हे, पगार मिळावा. दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल त्याच केंद्रात विनाशुल्क असावे. जूनमध्ये नवी कुटुंबे येतात, त्याआधी हे उभे राहू शकते. महापालिका, एमआयडीसी आणि उद्योजकांच्या संघटना यांना एकत्र बसवणे आयुक्तांच्या हातात आहे. ती बैठक त्यांनी याच महिन्यात बोलवावी आणि पहिल्या केंद्राची जागा त्याच बैठकीत जाहीर करावी.