पोक्सोचे निमित्त पुरे झाले

मानखुर्द, गोवंडी, चिता कॅम्पकडच्या सभासद डॉक्टरांची पत्रे हल्ली एकाच सुरात येतात. अठराच्या आतली मुलगी पाळी चुकली म्हणून आली किंवा मुलगा लघवीच्या जागी स्राव होतो म्हणून आला, तर करायचे काय? पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे भाग आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. मग ‘आईला घेऊन ये’ असे सांगून हात झटकले जातात. आई येत नाही आणि रुग्णही पुन्हा येत नाही.

हा पेच सरकारनेच करून ठेवला आहे. पोक्सो २०१२ चा. पुढे २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. १० ते १९ वयोगटासाठी मैत्री क्लिनिके निघाली आणि समुपदेशन, गर्भनिरोधके, आरटीआय-एसटीआयचे उपचार, वर गोपनीयतेची हमी असे सगळे कागदावर आले. म्हणजे एका खात्याने सोळा वर्षांच्या मुलाशी निरोधबद्दल मोकळेपणी बोलायचे आणि दुसऱ्याने त्याच बोलण्याची वर्दी मागायची! समुपदेशकाने हिस्टरी घ्यायची की कान झाकून बसायचे, हे त्याचे त्याने ठरवावे.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात निदान गर्भपातापुरता तिढा सैल केला. अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर कलम १९ च्या माहितीत तिचे नाव देण्याची डॉक्टरला गरज नाही. पालकाची लेखी संमती एमटीपी कायद्याने लागतेच. पण ‘नावाचा रकाना मोकळा कसा ठेवू?’ असे पोलीस अंमलदाराने दरडावले की आपला डॉक्टर निमूटपणे नाव सांगून सुटका करून घेतो. निकालाची प्रत जवळ नाही, तर वाद कशाच्या बळावर घालणार?

तरीही सगळे खापर पोलिसांवर फोडता येणार नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या रुग्णांआड कोणता पोक्सो येतो? त्यांना आपली ओपीडीच परतवते. केसपेपरच्या खिडकीवर मोठ्याने ‘काय होतंय?’ विचारले जाते. लल्लूभाई कंपाऊंडमधल्या पोराच्या मागे रांगेत त्याच्याच मजल्यावरची काकू उभी असते. तो ‘ताप’ म्हणतो, पॅरासिटामॉल घेतो आणि चालू लागतो. स्रावावरचे, एका वेळच्या गोळ्यांत काम भागवणारे राखाडी किट कपाटातच राहते. मुलींची अडचण आणखी वेगळी. आरोग्यसेविका त्यांच्याच गल्लीतली असते. गोष्ट घरी पोहोचायला वेळ लागत नाही.

मग ही पोरे लोकलच्या डब्यात गुप्तरोगाची पत्रके चिकटवणाऱ्या भोंदूकडे जातात. तिथे वय विचारत नाहीत, रांगेत तक्रार सांगावी लागत नाही आणि काम सुटल्यावर रात्रीही दार उघडे असते. उपचार सोडला तर बाकी सगळे तो आपल्यापेक्षा नीट करतो.

याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले, पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी खटलेही अंगावर घेतले. आपल्याकडे तर कुणी फक्त बंद दार आणि संध्याकाळचा एक तास मागतो आहे.

आरोग्य आणि गृह खात्याने एकत्र बसून एकच लेखी कार्यपद्धती द्यावी, ही मागणी आहेच. तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. तक्रार खिडकीवर नव्हे, आत विचारा. ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न किट देण्यासाठी लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ सातनंतर दवाखाना अशा रुग्णांसाठी राखा. निकालाची प्रत टेबलाच्या खणात ठेवा. रुग्ण अठराच्या आतला असेल तर आधी उपचार, मग वर्दी. पोक्सो नियम २०२० प्रमाणे तातडीच्या उपचाराआधी कुणाचाही कागद मागता येत नाही. आणि मोठ्या माणसाचा धाक, पैसा किंवा जबरदस्ती दिसली, तर कळवण्यात क्षणभरही टाळाटाळ नको.

एम पूर्व विभागातल्या सभासदांनी आपली संध्याकाळची वेळ कार्यालयाला कळवावी. यादी पुढील अंकात छापू. ज्यांना तेवढेही जमणार नाही, त्यांनी निदान अठरा पूर्ण झालेल्यांना ‘आईला घेऊन ये’ म्हणणे आजपासून बंद करावे.