१७ सप्टेंबर आणि आमची न भरलेली संविधान सभा

परवा कँटीनमध्ये एका मित्राशी चांगलीच जुंपली. गडी दोन वर्षं ऑनसाइट राहून आलाय. म्हणाला, "अमेरिकेत लोकांनी भांडून, मतं टाकून संविधान मंजूर केलं. आपल्याला आयतं मिळालं, तेही इकडून-तिकडून कॉपी-पेस्ट. म्हणून आपल्याला किंमत नाही." टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पुण्यात हे वाक्य टाकलं की माना डोलतातच.

मी परभणीचा. मला दुप्पट राग आला, कारण यातलं अर्धं वाक्य आमच्या बाबतीत खरं आहे. आणि ते आम्हाला शाळेत कोणी कधी सांगितलंच नाही.

आधी अमेरिकेचं बघू. १७ सप्टेंबर १७८७ ला फिलाडेल्फियात ३९ जणांनी मसुद्यावर सह्या केल्या. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. १३ पैकी ९ राज्यांच्या परिषदांनी तो मंजूर करायचा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८ इतकं अटीतटीचं झालं. र्‍होड आयलंडने तर फिलाडेल्फियाला माणूसच पाठवला नव्हता. ते राज्य १७९० च्या मे महिन्यात आत आलं, तेही ३४ विरुद्ध ३२ मतांनी. "यात नागरिकांचे हक्क कुठे लिहिलेत?" असं विरोधकांनी लावून धरलं, म्हणून १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. हे सगळं कौतुकाचंच आहे. फक्त 'लोकांनी' या शब्दावर एक फुली मारून ठेवा. गुलामांना मत नव्हतं, पण मालकांच्या राज्याला जास्त जागा मिळाव्यात म्हणून त्यांची गणती मात्र तीन-पंचमांश माणूस अशी होत होती. बायकांनाही जवळपास कुठेच मत नव्हतं.

आता आमचा १७ सप्टेंबर. साल १९४८. निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. शाळेत झेंडा, प्रभातफेरी, रझाकारांवर एक भाषण, गोळ्या-बिस्किटं, सुट्टी. आमचा इतिहास तिथेच संपतो. १८ सप्टेंबरला काय झालं, हे मी कोणत्याच गुरुजींना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

१८ तारखेपासून आमच्यावर लष्करी राज्यपाल होते, मेजर जनरल जे. एन. चौधरी. १९५० उजाडल्यावर मुख्यमंत्री आले ते एम. के. वेल्लोडी, म्हणजे एक आयसीएस अधिकारी. दिल्लीत तोपर्यंत संविधान सभा जवळपास तीन वर्षं बसली, वाद झाले, कलमांमागून कलमं मंजूर झाली. त्या सभागृहात हैदराबाद संस्थानाच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. म्हणजे परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतर्फे तिथे कोणीही बोललं नाही. मग आम्ही आत आलो कसे? निजामाच्या फर्मानाने! ज्याच्या राजवटीविरुद्ध माणसं तुरुंगात गेली, त्यानेच नोव्हेंबर १९४९ मध्ये आमच्या वतीने संविधान स्वीकारलं. वर १९५६ पर्यंत तो राजप्रमुखही राहिला.

गंमत पुढेच आहे. त्या फर्मानातच एक अट होती की हैदराबादच्या जनतेने, म्हणजे तिच्या संविधान सभेने, याला मंजुरी द्यायची. ती सभा कधी भरलीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लायंटचा साइन-ऑफ बाकी असताना रिलीज लाइव्ह गेला.

मग मित्राचंच बरोबर का? अजिबात नाही.

एक तर मागणी आमचीच होती. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती नीट उभी राहायच्या आधीच, १९३८ मध्ये बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसं तुरुंगात गेली ती जबाबदार राज्यपद्धतीसाठी, म्हणजे सरकारने निवडून आलेल्यांना उत्तर द्यावं यासाठी. फर्मान निघालं त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे या गोष्टीची किंमत मोजून झाली होती. आयतं कशाला म्हणतात मग?

दुसरं म्हणजे १९५२. पहिली सार्वत्रिक निवडणूक. जहागीरदाराला एक मत, त्याच्या सालगड्याला एक मत आणि सालगड्याच्या बायकोलाही एक मत. बहुतेकांचं ते आयुष्यातलं पहिलं मत होतं. आणि परभणीने लोकसभेवर कोणाला पाठवलं? सगळीकडे काँग्रेसची लाट असताना शेकापच्या नारायणराव वाघमारेंना! दिल्लीतल्या सत्ताधारी पक्षाला आमच्या लोकांनी पहिल्याच फटक्यात नाही म्हटलं आणि कोणाच्या दारात रझाकार आला नाही. वाघमारे गेले आणि सभागृहात बसले.

कोणी म्हणेल, त्या मतपत्रिकेवर संविधान मंजूर आहे का असा प्रश्न नव्हता. बरोबर, नव्हता. पण खेळाचे नियम मान्य आहेत हे यापेक्षा चांगलं कसं सांगतात? आमचा साइन-ऑफ हाच. आणि तो र्‍होड आयलंडच्या ३४ जणांपेक्षा मला मोठा वाटतो, कारण त्यात सालगड्याची बायको होती.

हे उकरून काढायचं कारण फक्त कँटीनमधलं भांडण नाही. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, धरपकड. १५ डिसेंबरला कायदा शिकणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत गेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश काढावा लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही हरलं. काचेतल्या प्रतीसाठी शहर पेटलं हे सगळ्यांना माहीत आहे. त्या प्रतीतलं २१ वं कलम, जीविताच्या हक्काचं, कोठडीच्या आत लागू होतं की नाही, यावर माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ आली नाही. मीही लिहिली नाही.

संविधान 'दिलं गेलं' असं मानलं की असंच होतं. दिलेल्या वस्तूला हार घालतात, नाहीतर नावं ठेवतात. हिशेब मागत नाही कोणी. हिशेब मागतो तो सही केलेला माणूस.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. १७ सप्टेंबरला झेंडा जरूर लावा, पण पोरांना १८ सप्टेंबरपासून १९५२ पर्यंतची गोष्टही सांगा. रिकाम्या जागा, फर्मान, न भरलेली सभा, सगळं. लाज वाटायचं काही कारण नाही. आपल्या पणजीने पहिलं मत टाकलं तेव्हा तिने कशावर अंगठा उमटवला, हे कळलं तर पोरं प्रश्न तरी विचारतील.

असो. मित्राला हे सगळं ऐकवेपर्यंत लंच ब्रेक संपला होता. त्याला लिंक पाठवतोय :)