लस, लोकल आणि नागरिकत्व

साथ ओसरली की तिचा हिशेबही मिटवून टाकावा, अशी आपल्या राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. करोनाच्या बाबतीतही तेच झाले. वसई-विरार पट्ट्यातील चाकरमान्यांना आणि कष्टकऱ्यांना २०२० ते २०२२ या काळात जी वागणूक मिळाली तिच्यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहिला होता. आरोग्याच्या बाबतीत सर्वसामान्य माणूस हा नागरिक आहे की ग्राहक? त्याचे उत्तर न देताच सरकार, पक्ष आणि न्यायालये पुढे निघून गेली. पुढची साथ दाराशी येण्यापूर्वी ते उत्तर मागून घेणे अगत्याचे आहे.

या प्रश्नावर दोन पक्ष मोठ्या आवाजात बोलतात. पहिला म्हणतो, माझे शरीर माझे. लस घ्यावी की न घ्यावी ही माझी खाजगी निवड, तीत राज्यसंस्थेने पडू नये. ही भाषा अमेरिकेत विशेष जोमाने बोलली गेली आणि आपल्याकडील सुखवस्तू वर्गाच्या एका भागाने ती तशीच उचलली. दुसरा पक्ष सरकारी. तो म्हणतो, लस घेणे हे नागरिकाचे कर्तव्य. जो ते पाळत नाही त्याला गाडीत, दुकानात, कचेरीत जागा नाही. हे दोन पक्ष एकमेकांचे शत्रू म्हणून मिरवत असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. राज्यसंस्थेने नागरिकाला आधी काय दिले, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

वस्तुस्थिती काय होती? मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनच्या मध्यास ती सुरू झाली, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. विरार, नालासोपारा आणि वसई येथील ज्या लोकांची रोजीरोटी मुंबईत आहे त्यांच्यापुढे एस.टी. हा एकच मार्ग उरला. २२ जुलै २०२० रोजी नालासोपाऱ्यात तीही मिळेना, तेव्हा प्रवासी रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे होते. परंतु कामावर न गेल्यास पगार कापला जातो आणि कामावर जाण्यास वाहन नाही, या कात्रीत सापडलेल्या माणसापुढे 'निवड' या शब्दाला काय अर्थ उरतो, हे शिस्तीच्या कैवाऱ्यांनी सांगितले नाही.

पुढे लस आली. ४५ वर्षांवरील लोकांना ती सरकारी केंद्रात मोफत मिळू लागली, हे नमूद केले पाहिजे. पण १ मे २०२१ पासून १८ ते ४४ या वयोगटासाठी, म्हणजे श्रमिकांच्या मुख्य फळीसाठी, केंद्र सरकारने बाजाराचे दार उघडले. पुण्यात तयार होणाऱ्या कोव्हिशील्डला तीन किमती लागल्या: केंद्राला १५० रुपये, राज्यांना ३०० रुपये आणि खाजगी रुग्णालयांना ६०० रुपये. कारखाना एक, कुपी एक आणि भाव तीन! नोंदणी सुरुवातीला केवळ कोविन या संकेतस्थळावरून होत असे. ज्याच्याजवळ वेगवान फोन आणि रिकामा वेळ त्याला जागा मिळे. शहरातील लोक मोटारी घेऊन पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागातील केंद्रांवर पोहोचले आणि तेथील रहिवासी मागे राहिले. पुरवठ्याअभावी १२ मे रोजी महाराष्ट्र शासनाने या वयोगटाचे लसीकरण थांबविले. या वयोगटाला पैसे मोजायला लावणारे धोरण प्रथमदर्शनी मनमानीचे आणि तर्कहीन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात म्हटले. त्यानंतर २१ जूनपासून सर्व प्रौढांना मोफत लस देण्याचे ठरले. तरीही उत्पादनाचा चौथा हिस्सा खाजगी रुग्णालयांसाठी राखून ठेवण्यात आलाच.

आता राज्य शासनाचा पुढील आदेश पाहावा. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलचा प्रवास खुला झाला, पण दोन्ही मात्रा घेऊन १४ दिवस उलटलेल्यांनाच. साधा हिशेब मांडू. ज्या तिशीतील कामगाराने सरकारवर विसंबून २१ जूनला, म्हणजे मोफत लस मिळू लागली त्याच दिवशी, कोव्हिशील्डची पहिली मात्रा घेतली, त्याला नियमाप्रमाणे ८४ दिवस थांबणे भाग होते. म्हणजे दुसरी मात्रा १३ सप्टेंबरला. त्यावर १४ दिवस, म्हणजे २७ सप्टेंबर. याउलट मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खाजगी रुग्णालयात पैसे मोजू शकलेला त्याचाच समवयस्क १५ ऑगस्टच्या आत पात्र ठरत होता. कोव्हॅक्सिनचे अंतर कमी होते, पण तिचा पुरवठाही तुटपुंजा होता. सारांश, एकही दिवस न दवडता कर्तव्य पार पाडणारा गरीब माणूस सहा आठवडे फलाटाबाहेर राहिला. त्याने लस नाकारलेली नव्हती. त्याला ती वेळेवर दिली गेली नव्हती. आणि कर्तव्यच्युतीची शिक्षा मात्र त्याला झाली.

यालाच ग्राहक आणि नागरिक यांची सोयिस्कर अदलाबदल म्हणतात. देण्याची वेळ आली तेव्हा राज्यसंस्थेने माणसाला ग्राहक मानले. वसुलीची वेळ येताच त्याला नागरिकत्वाची आठवण करून दिली.

अर्थशास्त्राची तोंडओळख असलेल्यालाही हे ठाऊक असते की संसर्गजन्य रोगावरील लस ही साबणाच्या वडीसारखी खाजगी वस्तू नव्हे. एकाने ती घेतली की शेजाऱ्याचाही धोका घटतो. हा शेजाऱ्याला होणारा लाभ बाजारभावात कुठेच धरला जात नाही. म्हणून अशी वस्तू बाजारावर सोपविली तर समाजाला हवी तेवढी ती कधीच पोहोचत नाही. वैद्यकीय सेवेला सामान्य बाजाराचे नियम का लागू पडत नाहीत, हे केनेथ अ‍ॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते. 'माझी निवड' म्हणणारे ज्या देशाचे दाखले देतात, त्याच देशातील हे विवेचन!

त्याच देशातील न्यायालयाचा एक निकालही त्यांना आणि आपल्या शासनालाही वाचून दाखविण्याजोगा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज गावात देवीची साथ असताना हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाने लस नाकारली. त्याला पाच डॉलर दंड झाला आणि १९०५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो दंड कायम केला. सक्तीचे समर्थक हा निकाल नेहमी पुढे करतात. पण ज्या कायद्याखाली दंड झाला त्या कायद्याने सक्तीचा अधिकार देतानाच सर्व रहिवाशांना मोफत लस पुरविण्याचे बंधनही आरोग्य मंडळावर घातले होते, हे मात्र ते सांगत नाहीत. आधी दान, मग आदेश, हा क्रम तेथे कायद्यातच होता. आपण आदेश तेवढा घेतला.

आपल्या मातीतही या प्रश्नाचा इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगात परकीय सरकारने साथरोग कायदा केला आणि पुण्यात सोल्जरांकरवी घरझडत्या घेतल्या. लोकांना विश्वासात न घेता केलेल्या त्या सक्तीचा शेवट रँडच्या खुनात झाला. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी निधन पावल्या. एकीकडे दंडुक्याने लादलेले आरोग्य आणि दुसरीकडे बंधुभावातून पत्करलेले कर्तव्य. स्वतंत्र भारताने यांतला दुसरा मार्ग आपला मानायला हवा होता. प्रत्यक्षात २०२० मध्येही हाताशी घेतला तो १८९७ चाच कायदा.

यावर असे म्हटले जाईल की साथीत वाट पाहत बसता येत नाही. कठोर निर्णय घेतला नसता तर आणखी माणसे दगावली असती. या युक्तिवादात तथ्य आहे. लसीने असंख्य जीव वाचविले आणि लसीविरुद्धच्या अफवांना समाजवाद्यांनी तिळमात्र थारा देता कामा नये. पण निकड खरी होती, तर मे महिन्यात तीन किमती लावायला सवड कशी मिळाली? लसीचा दाखला नसलेला कामगार लोकलला घातक, आणि गर्दीच्या एस.टी.त, कारखान्यात तो निर्धोक, हे कोणते शास्त्र? सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दिलेला निकाल समतोल आहे: कोणावरही लसीची बळजबरी करता येणार नाही, सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. मात्र हे प्रमाण ठरवताना माणसाला लस मिळण्याची संधी कितपत होती, हे पहिले माप असले पाहिजे.

वसई-विरारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर लोकसंख्या असलेल्या या महानगरातील लोकनियुक्त सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये, ऐन साथीत, संपली. जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. रुग्णालयात खाटा किती, लस कोणत्या प्रभागाला किती, हे सभागृहात उभे राहून विचारणारा एकही प्रतिनिधी साडेपाच वर्षे नव्हता. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारमधील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून किमान १३ रुग्ण दगावले. ते तेथे का होते? सार्वजनिक रुग्णालयांत पुरेशा खाटा असत्या तर त्यांनी हीच 'निवड' केली असती काय? जेथे मत देण्याचा हक्क तहकूब आणि औषधाचा हक्क विकत, तेथे नागरिकत्वाचे केवळ कर्तव्य तेवढे शिल्लक राहते.

हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे उभ्या राहिलेल्या या तालुक्याला नागरिकत्व म्हणजे काय हे नव्याने शिकविण्याची गरज नाही. त्याने आता आरोग्याचा प्रश्न त्याच निर्धाराने हाती घ्यावा. नव्या सभागृहाकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात: साथकाळातील लस, खाटा आणि खर्च यांचा प्रभागवार हिशेब, पालिकेच्या रुग्णालयांत लोकवस्तीच्या प्रमाणात खाटा आणि कर्मचारी, आणि खाजगी रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी जाहीर करण्याचे बंधन. राज्य शासनाकडे मागणी एकच: ज्या लसीची वा औषधाची सक्ती करायची, ते मोफत आणि सर्वांना मिळण्याची मुदत संपल्याशिवाय कोणाचाही प्रवास वा रोजगार रोखता येणार नाही, असे कलम साथरोग कायद्यात घालावे. १९०५ च्या निकालातील कायद्याला जे उमगले होते, ते १२० वर्षांनंतर महाराष्ट्राला उमगू नये, असे काही कारण नाही.